थांबणे विसरलेल्या पेशींच्या मागावर

टिश्यू कल्चर म्हटले की नाशिक-जळगावकडे केळीची रोपे आठवतात. प्राण्यांच्या आणि माणसांच्या पेशीही अशाच काचेच्या भांड्यात वाढवता येतात. यासाठीची भारतातील पहिली प्रयोगशाळा मुंबईत उभी करण्याचे श्रेय डॉ. कमल रणदिवे यांना दिले जाते.

८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात समर्थ कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत. मुलीने डॉक्टर व्हावे, अशी त्यांची इच्छा. कमलताईंनी मात्र संशोधनाची वाट धरली. हुजूरपागा, फर्ग्युसन आणि लग्नानंतर मुंबई असा त्यांचा प्रवास झाला. टाटा मेमोरियल रुग्णालयात काम करत डॉ. वसंत खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये त्यांनी पीएचडी मिळवली. नंतर, जिथे प्रसिद्ध ‘हेला’ पेशी प्रथम वाढवल्या गेल्या, त्या अमेरिकेतील बाल्टिमोरच्या प्रयोगशाळेत त्या पेशी जोपासण्याचे तंत्र शिकल्या. तिथे न थांबता त्या मायदेशी परतल्या आणि स्तनाच्या कर्करोगामागची आनुवंशिकता व संप्रेरके यांचा उंदरांवर अभ्यास केला.

या तंत्राचे मोल काय? निरोगी पेशी ठरावीक टप्प्यांतून विभागते आणि वेळ आली की थांबते. कर्करोगाची पेशी थांबत नाही. हे टप्पे समजून घेण्यासाठी जगभरच्या शास्त्रज्ञांनी पुढे हॅमस्टर, उंदीर यांच्या खास पेशी वापरल्या. जनुकातील बदलामुळे त्या ३३-३४ अंश सेल्सिअसला नीट वाढतात. तापमान ३९ अंशांपुढे नेले की त्यांचे एक प्रथिन निकामी होते आणि पेशीचक्र एका टप्प्यावर अडकते. कोणत्या टप्प्याला कोणते प्रथिन लागते, हे त्यावरून कळते. शरीराबाहेर पेशी जगवता आल्या नसत्या, तर हे प्रयोग झालेच नसते. मात्र हा प्रकार प्रयोगशाळेपुरता आहे. ताप आल्याने किंवा शेक दिल्याने शरीरातील कर्करोगाची गाठ थांबत नाही.

१९७३ मध्ये भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेच्या स्थापनेत कमलताईंचा पुढाकार होता. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. उतारवयात नाशिकला लागून असलेल्या अकोले तालुक्यातील आदिवासी मुलांच्या पोषणाची पाहणी त्यांनी केली. २००१ मध्ये त्यांचे निधन झाले.

स्तनात गाठ जाणवली तर ती दुखत नाही म्हणून अंगावर काढू नका, डॉक्टरांना दाखवा. कमलताईंनी आयुष्य वेचले ते याच आजारामागे.