मूत्राशय तपासायची दुर्बीण थेट बाळाच्या मेंदूत घालणारा डॉक्टर : वॉल्टर डँडी

१९१८ साल. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलमधल्या एका तिशीतल्या सर्जनने आपल्या नव्या ऑपरेशनचा हिशोब छापला. बाळं चार. त्यातली तीन महिन्याभरात गेली, चौथं तेवढं त्यातून तगलं.

एवढा वाईट निकाल, तोही स्वतःच्या नावाने छापलेला. पण आज लहान मुलांच्या मेंदूवर दुर्बिणीतून ऑपरेशन होतं, त्याचं मूळ शोधत गेलं की याच माणसापाशी यावं लागतं. नाव वॉल्टर डँडी.

जन्म १८८६ चा, मिसुरी राज्यातल्या सेडेलियाचा. वडील रेल्वेत. पोरगा हुशार निघाला आणि २४ व्या वर्षी डॉक्टर झाला. मेंदूच्या सर्जरीत तेव्हा हार्वे कुशिंग हे सगळ्यात मोठं नाव. डँडीला त्याच्याच हाताखाली काम मिळालं, पण दोघांचं काही जमलं नाही. १९१२ ला कुशिंग बोस्टनला गेला आणि डँडीला मागेच ठेवून गेला. हे वैर पुढे आयुष्यभर टिकलं.

मागे राहिलेल्या डँडीने हातात घेतला तो हायड्रोसेफलस, म्हणजे मेंदूत पाणी साचण्याचा आजार. आपल्या मेंदूच्या आत पोकळ्या असतात. तिथे सतत पाणी तयार होतं, मोठ्या माणसात दिवसाला साधारण अर्धा लिटर. ते वाहत बाहेर येतं आणि रक्तात शोषलं जातं. हे गणित बिघडलं की पाणी तुंबतं. बाळाची टाळू भरलेली नसते, कवटीची हाडं जुळलेली नसतात, त्यामुळे डोकं फुगत जातं आणि मेंदू आतून दाबला जातो. त्या काळात यावर धड उपायच नव्हता.

पाणी तुंबतं कुठे, हेच मुळात कुणाला नीट सांगता येत नव्हतं. डँडी आणि बालरोगतज्ज्ञ केनेथ ब्लॅकफन यांनी कुत्र्यांच्या मेंदूतला एक अरुंद मार्ग बोळा घालून बंद केला. वरच्या पोकळ्या फुगल्या. मग त्यांनी बाळांसाठी चाचणी काढली. मेंदूतल्या पाण्यात रंग सोडायचा आणि तो पाठीच्या कण्यात उतरतो का बघायचं. उतरला नाही तर वाट बंद आहे. उतरला तर वाट मोकळी आहे, पण पाणी शोषलं जात नाही. म्हणजे आजार एक नाही, दोन आहेत. प्लंबर आधी काय बघतो? ब्लॉक कुठे आहे ते. अगदी तसंच.

१९१८ मधली ती चार बाळं दुसऱ्या प्रकारातली होती. पाणी मुख्यतः कोरॉइड प्लेक्सस नावाच्या गुच्छातून तयार होतं, मग तो गुच्छच काढून टाकायचा, हा डँडीचा विचार. वाट बंद असलेल्यांसाठी त्याने १९२२ मध्ये वेगळा मार्ग काढला. तिसऱ्या पोकळीच्या तळाला भोक पाडून पाण्याला नवी वाट द्यायची. कल्पना बरोबर होती, किंमत मात्र भयंकर. डोकं उघडावं लागे, आणि तिथवर पोचायला एका डोळ्याची नसही कापावी लागे.

त्याच वर्षी त्याने मूत्राशय तपासायची दुर्बीण मेंदूच्या पोकळीत घातली. तो काही पहिला नव्हता. १९१० मध्ये शिकागोच्या लेस्पिनास नावाच्या मूत्ररोगतज्ज्ञाने दोन बाळांवर हे केलं होतं. एक लगेच गेलं, दुसरं पाच वर्षं जगलं. डँडीलाही दुर्बिणीतून गुच्छ काढणं जमलं नाही. आतला उजेड अपुरा, चित्र अंधुक. १९२३ मध्ये बोस्टनच्या जेसन मिक्स्टरने नऊ महिन्यांच्या एका मुलीच्या मेंदूत दुर्बिणीतूनच ते भोक पाडलं, आणि ते यशस्वी झालं. म्हणजे कल्पना डँडीची, आणि दुर्बिणीतून ती साधली मिक्स्टरने.

डँडी थांबला नाही. १९३० च्या दशकात दुर्बिणीतून गुच्छ जाळायचा प्रयत्न त्याने पुन्हा केला. मधल्या काळात ऑपरेशननंतरच्या पेशंटसाठी तीन खाटांचा वेगळा कक्ष काढला, ज्याला आजच्या आयसीयूची सुरुवात मानतात. १९३७ मध्ये मेंदूतली फुगलेली रक्तवाहिनी क्लिप लावून बंद केली. बेसबॉल खेळाडूंच्या टोपीत डोकं वाचवणारं कवच बसवण्यातही त्याचा हात होता. १९४६ मध्ये, साठाव्या वर्षी तो गेला.

पुढे शंट आला. पाणी मेंदूतून पोटात नेणारी ही नळी, सोपी आणि परिणामकारक. दुर्बीण मागे पडली. पण शंट तुंबतो, त्यात इन्फेक्शन होतं, पुन्हा ऑपरेशन करावं लागतं. हॉस्पिटल जवळ असेल तर निभावतं. नसेल तर?

हाच प्रश्न २००० नंतर युगांडातल्या म्बाले गावात अमेरिकन सर्जन बेंजामिन वॉर्फ यांच्यासमोर होता. शंट तुंबला तर दूरच्या खेड्यातलं बाळ वेळेत पोचणार कसं? त्यांनी डँडीच्या दोन्ही कल्पना एकत्र केल्या. एकाच वेळी दुर्बिणीतून तळाला भोक पाडायचं आणि पाणी बनवणारा गुच्छही जाळायचा. दुर्बीण आता चांगली होती. २०१७ मध्ये तिथल्याच १०० बाळांवरच्या चाचणीचा निकाल आला. एका गटाला शंट, दुसऱ्याला दुर्बिणीचं ऑपरेशन. वर्षभरानंतर बाळांच्या बौद्धिक वाढीत दोन्ही गटांत ठळक फरक दिसला नाही. फक्त दुर्बिणीवाल्या बऱ्याच बाळांच्या अंगात नळी नव्हती.