कै. डॉ. आनंदीबाई जोशी ह्यांचे चरित्र

बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेल्या स्त्रीची हकीकत आपण मार्काच्या शुभवर्तमानात पुष्कळ वेळा वाचली आहे. तिने वैद्यांमागून वैद्य केले, पदरचा पैसा संपविला, आणि दुखणे तर वाढतच गेले. आपला आजार चारचौघांत सांगण्याची लाज, म्हणून ती गर्दीतून मागच्या बाजूने आली. प्रभु मात्र थांबला. आणि तिचे सर्व बोलणे ऐकून घेतल्यावाचून पुढे गेला नाही.

केज तालुक्यातील मंडळ्यांस भेटी देत फिरताना अशा भगिनी आम्हांस गावोगाव आढळतात. त्या आमच्यापाशी बोलत नाहीत. उपदेशकांच्या पत्नीच्या कानाशी लागून बोलतात. ओटीपोट दुखते, अंगावरून जाते, कंबर धरते. आणि पुढे एके दिवशी कळते की पिशवी काढली. ह्या भगिनींस मनात ठेवून आज आम्ही एका मुलीचे चरित्र सांगत आहो. स्त्रीचे दुखणे ऐकावयास स्त्रीवैद्य पाहिजे, एवढ्या एका गोष्टीसाठी ती समुद्र ओलांडून गेली. ती ख्रिस्ती नव्हती, व पुढेही झाली नाही. तथापि तिचे चरित्र आपल्या मंडळ्यांनी जाणावे, किंबहुना त्याच कारणास्तव अधिक जाणावे, असे आम्हांस वाटते.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी कल्याण येथे ब्राह्मण कुळात झाला. माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी तिचे लग्न टपाल खात्यातील कारकून गोपाळराव जोशी ह्यांच्याशी झाले. ते विधुर असून तिच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठे होते. बायकोस शिकवावयाचे, हा त्यांचा निश्चय. त्या काळी बायको लिहिते वाचते म्हणून नवरे मारीत. गोपाळराव मात्र बायको पुस्तक टाकून चुलीपाशी रमली म्हणून हात उगारीत. त्यांचा स्वभाव असा विक्षिप्त व कठोर होता, आणि मुलीने त्यांच्या हातून फार सोसले. परंतु विद्येचे दार तिला उघडले तेही त्यांनीच. मनुष्याच्या ठायी बरे व वाईट कसे एकत्र गुंफलेले असते, ह्याचे हे उदाहरण होय.

चौदाव्या वर्षी तिला पुत्र झाला. तो दहा दिवस जगला. मूल हाती धरून बसलेली ती आई स्वतः अजून मूलच होती. ह्या दुःखातून तिच्या मनात एक विचार रुजला. बाळंतिणीची नाडी जाणणारी, तिचे गाऱ्हाणे संकोचावाचून ऐकणारी शिकलेली स्त्री ह्या देशात असती, तर किती माता व किती लेकरे वाचली असती! पुरुष डॉक्टरापुढे स्त्री बोलत नसे. सुईण जे जाणे तेवढाच काय तो उपाय. आपण वैद्यक शिकावे, असे त्या मुलीने ठरविले.

येथे आम्हांस आपल्याच घरची एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. कोल्हापुरास नोकरीवर असताना गोपाळरावांनी बायकोच्या शिक्षणाकरिता मिशनऱ्यांचे साहाय्य मागितले. ते पत्र अमेरिकेत रेव्ह. रॉयल वाइल्डर ह्यांच्यापाशी गेले. वाइल्डरसाहेब म्हणजे १८५२ साली कोल्हापुरात मिशनचे काम आरंभिणारे गृहस्थ. त्यांनी तेथे शाळा काढल्या. त्यांचे उपकार आम्ही नाकारीत नाही. परंतु ह्या प्रसंगी त्यांची अपेक्षा अशी होती की, उभयतांनी आधी ख्रिस्ताचा स्वीकार करावा. जोशी पतिपत्नींस ते मान्य नव्हते. साहाय्य तेथेच राहिले. वाइल्डरसाहेबांनी तो पत्रव्यवहार मात्र आपल्या मिशनविषयक मासिकात छापला.

देवाच्या योजना मनुष्याच्या अटींनी अडत नाहीत. न्यू जर्सी प्रांतातील रोझेल गावच्या थिओडोशिया कार्पेंटर नावाच्या बाई दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. जवळ पडलेले मासिक त्यांनी सहज उचलले, आणि ते पत्र त्यांच्या दृष्टीस पडले. कधी न पाहिलेल्या त्या मुलीस त्यांनी १८८० साली पत्र लिहिले. धर्म बदल, असे त्यांनी म्हटले नाही. माझे घर तुझ्यासाठी उघडे आहे, ह्या अर्थाचे मात्र कळविले. पुढे कलकत्त्यास आनंदीबाईंची प्रकृती ढासळली तेव्हा त्यांनी अमेरिकेहून औषधे धाडिली. आनंदीबाई त्यांस मावशी म्हणू लागल्या. ज्या बाईने अट घातली नाही, तिच्या ठायी त्या हिंदू मुलीने ख्रिस्ती प्रीती पाहिली, असे आम्ही समजतो.

गोपाळरावांच्या बदल्यांबरोबर अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता असे फिरत आनंदीबाई बंगालमधील श्रीरामपुरास आल्या. हे आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातील श्रीरामपूर नव्हे. ज्या गावी डॉ. केरी ह्यांनी मराठी व्याकरण व मराठी नवा करार छापविला, ते हे गाव. तेथील मिशन कॉलेजच्या दिवाणखान्यात २४ फेब्रुवारी १८८३ रोजी अठरा वर्षेही पुरी न झालेल्या ह्या मुलीने इंग्रजीत व्याख्यान दिले. आपण अमेरिकेस का जातो, एकटी का जातो, जात वाळीत टाकील त्याचे काय, अशा प्रश्नांची उत्तरे तिने एकामागून एक दिली. हिंदुस्थानात स्त्रीवैद्यांची गरज किती मोठी आहे व येथे शिक्षणाची सोय किती अपुरी आहे, हे तिने दाखविले. आपण हिंदू म्हणून जाणार व हिंदू म्हणूनच परत येणार, हेही तिने स्पष्ट केले.

अंगावरचे दागिने विकून भाड्याचे पैसे उभे केले, आणि ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून मिशनरी स्त्रियांच्या सोबतीने, नवऱ्यावाचून, त्या जहाजावर चढल्या. जून महिन्यात न्यूयॉर्कला उतरल्या तेव्हा कार्पेंटर मावशी त्यांस घ्यावयास आल्या होत्या.

फिलाडेल्फिया शहरी १८५० साली केवळ स्त्रियांसाठी स्थापन झालेले वैद्यकीय महाविद्यालय होते. त्याच्या प्रमुख रेचल बॉडली ह्यांनी आनंदीबाईंस प्रवेश देवविला. शिष्यवृत्तीचीही सोय झाली. तीन वर्षे त्यांनी तेथे कष्टाने अभ्यास केला. लुगडे सोडले नाही, शाकाहार सोडला नाही. त्या देशाची थंडी, धुराने कोंदणारी खोली आणि अपुरा आहार ह्यांनी प्रकृती पोखरली, व क्षयाने शरीरात घर केले.

पदवीसाठी प्रबंध लिहावा लागे. आनंदीबाईंनी विषय घेतला तो आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. आपल्या जुन्या वैद्यक ग्रंथांत गर्भिणी, बाळंतीण व नवजात मूल ह्यांविषयी जे सांगितले आहे, ते त्यांनी गोळा केले आणि अमेरिकेत शिकलेल्या नव्या वैद्यकाशेजारी मांडले. आपल्या आज्या-पणज्यांची रीत सगळीच टाकाऊ नाही व सगळीच ग्राह्यही नाही. ती तपासून पाहिली पाहिजे, असा ह्या अभ्यासाचा आशय आम्ही जाणतो. ज्या मुलीने चौदाव्या वर्षी बाळंतपणात सर्व गमावले, तिने एकविसाव्या वर्षी बाळंतपणावरच प्रबंध लिहिला, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

११ मार्च १८८६ रोजी त्यांस वैद्यकीची पदवी मिळाली. त्या समारंभास पंडिता रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून आल्या होत्या. दोघींचे दूरचे नाते होते. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात झाला होता. आनंदीबाई हिंदूच होत्या. एकीने ख्रिस्त पत्करला, दुसरीने आपला धर्म राखिला. परंतु हिंदुस्थानच्या स्त्रियांचे अश्रू पुसण्याची तळमळ दोघींची सारखी, आणि त्या दिवशी एकीच्या यशाने दुसरीचे मन भरून आले.

कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड इस्पितळातील स्त्रियांच्या विभागाचे काम आनंदीबाईंस देऊ केले. १८८६ च्या नोव्हेंबरात त्या मुंबईस उतरल्या, पण त्या खाटेवर पडण्यासाठीच. कोल्हापुरास जाणे घडले नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुणे येथे त्यांचा अंत झाला. बावीस वर्षे पूर्ण होण्यास एक महिना उरला होता. त्यांची रक्षा अमेरिकेस कार्पेंटर मावशींकडे पाठविण्यात आली. मावशींनी ती पोकीप्सी गावच्या दफनभूमीत आपल्या कुटुंबाच्या जागेत ठेविली. हिंदू मुलीची रक्षा ख्रिस्ती कुटुंबात विसावली, आणि मरणानंतरही कोणी अट घातली नाही.

कोणी म्हणेल, एवढे कष्ट करून कोल्हापुरातील एकाही रोगी स्त्रीची नाडी त्यांच्या हाती आली नाही. मग उपयोग काय झाला? वाचकहो, गव्हाचा दाणा जमिनीत पडतो तेव्हा तोही गेलासा वाटतो. त्याच कोल्हापूरच्या इस्पितळात पुढे डॉ. कृष्णाबाई केळवकर ह्यांनी स्त्रियांची दीर्घकाळ सेवा केली. आणि ज्या मिशनने अट घातली होती, त्याच मिशनच्या डॉ. वानलेस ह्यांनी मिरजेस इस्पितळ उभारून सर्व जातिधर्मांच्या रोग्यांस दार मोकळे ठेविले. चूक एकदा घडली. ती सुधारण्याची कृपाही देवाने दिली.

आता आपल्या केजकडे वळू. दसरा-दिवाळीच्या सुमारास गावे ओस पडतात. मुकादमाची उचल घेतलेली नवराबायकोची जोडी, जिला एक कोयता म्हणतात, पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात ऊसतोडीस जाते. पहाटे अंधारात फडावर जाणे, मोळी डोक्यावर घेऊन गाडीत चढविणे, कोपीत राहणे, न्हाणीघर नाही, पुरेसे पाणी नाही. पाळीच्या दिवसांतही विसावा नाही, कारण एक दिवस चुकला तर खाडा धरून पैसे कापले जातात. अशा जिण्यात दुखणे जडते. दुखण्यावर सोपा उपाय म्हणून शस्त्रक्रिया सांगितली जाते. कर्करोग होईल अशी भीती मनात बसते. आणि उचल घेऊन पिशवी काढली जाते. राज्य सरकारने नेमलेल्या समितीने २०१९ साली बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली. त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. म्हणजे दर सहा जणींत एक! त्यानंतर जिल्ह्यातील खासगी दवाखान्यांस ह्या शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याची अट घालण्यात आली. ती अट चांगलीच आहे. परंतु स्त्रीचे दुखणे वेळीच कोणी ऐकले नाही, तर अट एकटी काय करणार?

ही शस्त्रक्रिया सदैव वाईट, असे आम्ही म्हणत नाही. काही आजारांत ती प्राण वाचविते. परंतु अंगावरून पांढरे जाणे म्हणजे कर्करोग नव्हे. पुष्कळदा ते औषधगोळ्यांनी बरे होते. पिशवीबरोबर बीजकोशही काढले, तर तरुण वयातच पाळी जाते, अंगाची आग होते, हाडे ठिसूळ होतात. मग मोळी उचलणारीला काठी धरावी लागते. उलट, पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त दिसू लागले, तर लाज सोडून त्वरित तपासणी करविली पाहिजे.

म्हणून उपदेशक बंधूंस आमची विनंती आहे. टोळ्या निघण्यापूर्वी आपल्या मंडळीतील स्त्रियांची सभा आपल्या पत्नीकडून भरवावी. ज्यांस त्रास आहे त्यांस केजच्या सरकारी दवाखान्यात न्यावे. कोणी पिशवी काढण्यास सांगितले तर लगेच होकार न देता, अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. जिच्याबरोबर जावयास कोणी नाही, तिच्याबरोबर मंडळीतील एका भगिनीने जावे. आणि नवरे मंडळींनी हा बायकांचा विषय म्हणून तोंड फिरवू नये; चूल, मूल व कोयता ज्या देहावर चालतात, त्या देहाची काळजी घेणे हे त्यांचेही कर्तव्य आहे.

आणखी एक गोष्ट. ही मदत करताना शेजारीण कोणत्या जातीची, कोणत्या देवाची, हे विचारू नये. प्रार्थनेस येशील काय, हेही त्या वेळी विचारू नये. जखमी वाटसरूजवळ थांबलेल्या शोमरोन्याने त्यास काही विचारले नाही. कोल्हापुरात एकदा आपल्या लोकांनी आधी विचारले, आणि दंतवैद्याकडे बसलेल्या एका बाईने न विचारता दार उघडले. ह्या दोहोंत प्रभूच्या मार्गाने कोण चालले, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. येत्या हंगामापूर्वी केजच्या प्रत्येक मंडळीत असे एक तरी दार उघडे असावे, हीच आमची प्रार्थना आहे.