ठिणगीचा कारागीर

सोलापूरहून हैदराबादकडे जाणारा महामार्ग नळदुर्ग, जळकोट अशी गावे मागे टाकीत उमरग्याला येतो. तेथून पुढे थोड्याच अंतरावर कर्नाटकाची हद्द लागते. या रस्त्यावर रात्रंदिवस वाहनांची रीघ असते, आणि जेथे वाहने तेथे मिस्त्रीही आलेच. चैत्र-वैशाखातील दुपारी एखादी जुन्या बनावटीची पेट्रोलची मोटार सकाळपासून सुरळीत धावत असते. परंतु उन्हाचा ताव चढला की ती आचके देऊ लागते आणि रस्त्याच्या कडेला थांबते. तिला अर्धा तास सावलीत उभी केली, इंजिन निवले, की जणू काही झालेच नाही अशी ती चालू होते. दहापंधरा मिनिटे जातात, आणि पुन्हा तोच प्रकार!

हा रोग मोठा फसवा असतो. त्याची प्रमुख कारणे दोन. ज्या कॉइलमधून ठिणगीची वीज निर्माण होते, तिच्या आतील तारांवरचे वेष्टन जीर्ण झालेले असते. कॉइल थंड असताना वीज आपल्या वाटेने जाते. कॉइल तापली की ती आतल्या आत भलतीकडे फुटते आणि वाया जाते. दुसरे कारण असे की, पेट्रोल नेणाऱ्या नळीत उष्णतेने वाफ धरते व पेट्रोलचा प्रवाह अडतो. दोन्हींची लक्षणे सारखीच. कॉइलवर किंवा पेट्रोलच्या पंपावर ओले फडके टाकले असता दोन्ही वेळा तात्पुरता गुणही येतो. उतावळा मिस्त्री फडके टाकून मोकळा होतो. जाणता मिस्त्री मात्र गाडी बंद पडताक्षणीच, इंजिन तापलेले असतानाच, ठिणगी तपासतो. ती निळसर व ठसठशीत असेल तर कॉइलला बोल लावण्याचे कारण नाही. पेट्रोलची वाट पाहावी. ती पिवळट व मलूल असेल, किंवा मुळीच पडत नसेल, तर कॉइलपर्यंत बॅटरीची वीज पोचते काय, पॉइंट स्वच्छ आहेत काय, कंडेन्सर शाबूत आहे काय, हे एकेक करून पाहायचे आणि शेवटी दुसरी चांगली कॉइल लावून खात्री करून घ्यायची. (या तारेत पंधरा-वीस हजार व्होल्टांचा दाब असतो. म्हणून हे काम जाणत्याचे. मुलांनी तेथे हात घालू नये.)

दोष ठिणगीत आहे की इंधनात, हा प्रश्न एके काळी या कॉइलची रचना मोटारीत बसविणाऱ्या माणसापुढेही उभा राहिला होता. त्याचे नाव चार्ल्स केटरिंग.

चार्ल्सचा जन्म २९ ऑगस्ट १८७६ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात, लाउडनव्हिल गावाजवळच्या एका शेतकरी कुटुंबात झाला. मुलगा बुद्धीने तल्लख, पण त्याची दृष्टी फार अधू होती. थोडा वेळ वाचले की त्याचे डोके दुखू लागे. शालेय शिक्षण संपल्यावर त्याने खेड्यातील शाळेत शिक्षकाची नोकरी केली. नंतर तो महाविद्यालयात गेला. परंतु डोळ्यांनी दगा दिला आणि शिक्षण सोडून त्याला घरी परतावे लागले. तेव्हा त्याने टेलिफोन कंपनीत काम धरले. खांबांसाठी खड्डे खणायचे आणि तारा ओढायच्या, असे ते अंगमेहनतीचे काम होते. उघड्या हवेत डोळ्यांना विसावा मिळाला आणि तारेतून वाहणाऱ्या विजेशी त्याची जवळून ओळख झाली. पुन्हा विद्यापीठात गेल्यावर त्याचे सोबती त्याला पुस्तके वाचून दाखवीत आणि तो ऐकून अभ्यास करी. अशा रीतीने १९०४ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, तो विद्युत अभियंता झाला. ज्याला डोळे भरून वाचता येत नाही, त्याला कानांनी ऐकून आणि हातांनी चाचपून शिकावे लागते. केटरिंगची पुढील सारी कामे पाहिली म्हणजे ही सवय त्याच्या अंगी किती मुरली होती ते ध्यानात येते.

डेटन शहरात दुकानदारांसाठी गल्ल्याची यंत्रे तयार करणारी एक मोठी कंपनी होती. तेथे त्याला नोकरी मिळाली. ही यंत्रे हाताने दांडा ओढून चालवीत असत. त्यांना विजेची मोटर जोडावी असे ठरले, पण एवढ्या जोरासाठी मोटर फार मोठी लागेल असे जाणकारांचे मत पडले. केटरिंगच्या लक्षात आले की, मोटरला दिवसभर राबावयाचे नाही. क्षणभरच जोर करून मग विश्रांती घ्यावयाची आहे. अशा कामाला लहानशी मोटर पुरते. त्याने ती करून दाखविली.

१९०८ च्या सुमारास त्याच कंपनीतील अधिकारी एडवर्ड डीड्स याच्या घरामागील कोठारात, नोकरीची वेळ संपल्यावर, केटरिंग व त्याचे काही सोबती मोटारगाडीच्या विजेवर प्रयोग करू लागले. त्या काळच्या कित्येक गाड्यांत कोरड्या बॅटऱ्या वापरीत. ठिणगी पाडण्यासाठी जी कॉइल असे, ती सतत थरथरत एकामागून एक ठिणग्यांचा वर्षाव करी, आणि त्यामुळे बॅटऱ्या लवकर संपत. केटरिंगने विचार केला की, इंजिनाला ऐन वेळी एकच सशक्त ठिणगी हवी आहे. उरलेल्या साऱ्या निव्वळ उधळपट्टी!

कॉइल ही काही त्याने शोधली नव्हती. आयर्लंडमधील धर्मगुरू निकोलस कॅलन याने १८३६ मध्येच तशी कॉइल तयार केली होती, आणि त्यामागील तत्त्व फॅरडेने १८३१ मध्ये दाखवून दिले होते. ते तत्त्व समजण्यास अवघड नाही. लोखंडाच्या गाभ्याभोवती जाड तारेचे काहीशे वेढे असतात आणि केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे असतात. जाड तारेतून बॅटरीची वीज वाहू लागली की गाभ्यात चुंबकत्व येते. पॉइंट उघडून ती वीज एकाएकी तोडली की चुंबकत्व नाहीसे होते, आणि त्याच क्षणी बारीक तारेत हजारो व्होल्टांचा दाब उत्पन्न होतो. ती वीज प्लगच्या टोकाशी असलेली फट ओलांडते, हीच ठिणगी. इंजिनाच्या फेऱ्यांशी या उघडझापीचा मेळ घालून दर स्फोटाला नेमकी एक ठिणगी पाडावयाची, ही केटरिंगची कामगिरी. कॅडिलॅक कंपनीच्या हेन्री लेलँडला ती रचना पसंत पडली आणि हजारो संचांची मागणी आली. १९०९ मध्ये केटरिंगने नोकरी सोडली आणि डीड्सच्या सोबतीने स्वतःची प्रयोगशाळा काढली. तिलाच पुढे डेल्को हे नाव पडले. पुढे वर्षानुवर्षे जगातील बहुतेक पेट्रोल गाड्या या रचनेवर धावल्या. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून ज्या फियाट गाड्या बाहेर पडल्या, त्यांतही हीच कॉइल आणि हेच पॉइंट होते.

त्यानंतर केटरिंगने मोटार चालू करण्याची विजेची सोय केली. पूर्वी त्यासाठी पुढून हँडल मारावे लागे. ते उलटे फिरले की हात मोडत असे. १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत कळ दाबताच इंजिन सुरू होऊ लागले. क्षणभर जोर करणाऱ्या लहान मोटरची जुनी कल्पनाच येथे उपयोगी पडली.

आता त्या प्रश्नाकडे वळू. गाडी चढावर जोर करू लागली म्हणजे इंजिनातून हातोडीने ठोकल्यासारखा आवाज येई. ताकदवान इंजिनात तो अधिकच. पुष्कळांनी त्याचे खापर केटरिंगच्या ठिणगीवर फोडले. बॅटरीची ठिणगी वापरू लागल्यापासून हे ठोके सुरू झाले, असा त्यांचा दावा होता. आपल्या वस्तूवर आरोप आला की तो झटकून टाकण्याचा मोह कोणालाही होतो. केटरिंगने आरोप नाकारला नाही आणि मानलाही नाही. तो तपासावयास घेतला. १९१६ मध्ये त्याच्याकडे आलेल्या टॉमस मिज्ली या तरुण अभियंत्याकडे त्याने हे काम सोपविले.

मिज्लीने इंजिनातील दाबाचे चढउतार प्रकाशकिरणाच्या साहाय्याने फोटोच्या कागदावर उमटविण्याची युक्ती केली. ठोक्याचा दाब ठिणगी पडण्यापूर्वी नव्हे, तर ती पडून गेल्यावर उसळतो, असे त्या रेषांवरून दिसले. शिवाय त्याच इंजिनात, त्याच ठिणगीवर, पेट्रोलऐवजी रॉकेल जाळले तर ठोके वाढत. ठिणगी तीच आणि इंधन बदलताच आवाज बदलतो, तेव्हा दोष ठिणगीकडे कसा जाईल? ठिणगीने पेटलेली ज्वाला पोहोचण्यापूर्वीच उरलेले इंधन दाबाने व उष्णतेने आपोआप पेट घेत होते. कॉइल निर्दोष ठरली.

मग औषधाचा शोध सुरू झाला. इंधन लाल रंगाचे असते तर उष्णता शोषून चांगले जळले असते, अशी एक वेडीवाकडी कल्पना निघाली. रंग हाताशी नव्हता म्हणून मिज्लीने आयोडीन मिसळले, आणि ठोके थांबले! पुढे खरे लाल रंग मिसळून पाहिले, तर काहीच गुण येईना. म्हणजे गुण रंगाचा नव्हता, आयोडीनचा होता. आयोडीन महाग व धातूला खाणारे म्हणून दुसरी द्रव्ये तपासण्यात कित्येक वर्षे गेली. ९ डिसेंबर १९२१ रोजी शिशाचे एक संयुग इंजिनात घातले गेले, आणि त्याच्या थोड्याशा अंशाने आवाज साफ बंद झाला.

येथवरची हकीकत जितकी सुरस, तितकी पुढची दुःखद आहे. शिसे हे विष आहे, ही गोष्ट वैद्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होती. अल्कोहोल मिसळूनही ठोके थांबतात, हे केटरिंग व मिज्ली या दोघांनाही माहीत होते. परंतु शिसे अगदी थोडे लागे, ते स्वस्त पडे आणि त्याच्या वापराचे पेटंट घेता येत होते. १९२३ मध्ये त्याची विक्री सुरू झाली. ते विकण्यासाठी १९२४ मध्ये निघालेल्या एथिल कंपनीचा पहिला अध्यक्ष केटरिंग होता. त्याच वर्षी न्यू जर्सीतील एका कारखान्यात हे संयुग तयार करणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मरण पावले. मिज्ली स्वतः शिशाच्या बाधेने आजारी पडून उठला होता. तरीही त्याने पत्रकारांसमोर ते द्रव्य हातांवर ओतून घेऊन ते निर्धोक असल्याचे दाखविले. १९२५ मध्ये विक्री थांबली, चौकशी झाली आणि पुढल्या वर्षी विक्री पुन्हा सुरू झाली. ठिणगीवरील आरोप ज्या बारकाईने तपासला गेला, त्या बारकाईने शिशावरील आरोप त्यांनी तपासला नाही, असे म्हणावे लागते.

केटरिंगने १९२० पासून १९४७ पर्यंत जनरल मोटर्सच्या संशोधनाची धुरा वाहिली. आगगाडीच्या डीझेल इंजिनांत त्याने सुधारणा केल्या. न्यूयॉर्कमध्ये १९४५ साली स्थापन झालेल्या कर्करोगाच्या संशोधनसंस्थेला त्याचे नाव जोडलेले आहे. २५ नोव्हेंबर १९५८ रोजी डेटन येथे, वयाच्या ८२ व्या वर्षी, तो मरण पावला. त्या वेळी जगभर शिसेयुक्त पेट्रोल जळत होते.

१९६५ मध्ये क्लेअर पॅटरसन या शास्त्रज्ञाने दाखवून दिले की, माणसांच्या शरीरातील शिसे निसर्गतः असावे त्याहून कितीतरी पटींनी वाढले आहे. गाड्यांच्या धुरातील हे शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस सर्वांत अधिक बाधक ठरते, हेही पुढे सिद्ध झाले. १ फेब्रुवारी २००० पासून भारतभर शिसेविरहित पेट्रोलच विकले जाऊ लागले. मोटारींसाठी शिसेयुक्त पेट्रोल विकणारा जगातील शेवटचा देश अल्जीरिया. तेथे ते २०२१ मध्ये बंद झाले. ठोके थांबविण्यासाठी आता इतर उपाय योजतात, आणि त्यांत अल्कोहोलही आहे. पॉइंट जाऊन त्यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आली. कित्येक नव्या गाड्यांत दर सिलिंडरला स्वतंत्र कॉइल असते. परंतु तिच्यातील तारांचे वेढे आणि लोखंडाचा गाभा अजूनही पूर्वीच्याच तत्त्वावर काम करतात.