धुळीचा माग काढणारी डॉक्टर

शंभर वर्षांपूर्वी बाथटबवर पांढरेशुभ्र एनॅमल कसे चढवत, ते समजून घेण्यासारखे आहे. ओतीव लोखंडाचा टब भट्टीत लालबुंद होईपर्यंत तापवायचा, बाहेर ओढायचा, आणि एका कामगाराने लांब दांड्याच्या चाळणीने त्यावर एनॅमलची बारीक पूड भुरभुरायची. लोखंडाला लागलेली पूड वितळून चिकटायची, न लागलेली हवेत उडायची. भट्टीच्या झळांपुढे राबणारा माणूस धापा टाकत तोंडानेच श्वास घेणार. म्हणजे उडालेली पूड थेट त्याच्या पोटात आणि फुप्फुसात. त्या पुडीत शिसे असे.

1910 मध्ये शिकागोत डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांना हे कळले ते कारखान्यात नव्हे, तर एका पोलिश कामगाराच्या घरी. कारखाना त्यांनी आधीच पाहिला होता. तिथे धोक्याचे काही दिसले नव्हते, कारण खरे एनॅमलचे काम दुसरीकडेच चालत असे. घरात मात्र शिशाच्या विषबाधेने आजारी पडलेला माणूस समोर होता. बाईंनी पुडीचा नमुना मिळवला, तो तपासून घेतला आणि त्यात शिसे आहे हे सिद्ध केले. पुढची तीसेक वर्षे त्यांनी याच पद्धतीने काम केले. कारखान्यात दाखवतात ते पाहायचे, आणि मग वस्तीत, इस्पितळाच्या नोंदवहीत, औषधाच्या दुकानात, प्रसंगी दारूच्या गुत्त्यात जाऊन न दाखवलेले शोधायचे.

ॲलिस यांचा जन्म 27 फेब्रुवारी 1869 रोजी न्यूयॉर्कचा. वाढल्या त्या इंडियाना राज्यातल्या फोर्ट वेन गावी. घर सुखवस्तू होते, मुलींचे शिक्षण बरेचसे घरीच झाले. पुढे वडिलांचा धंदा बसला आणि मुलींनाही कमावणे भाग पडले. थोरली बहीण एडिथ पुढे प्राचीन ग्रीक संस्कृतीवरच्या पुस्तकांमुळे जगभर गाजली. ॲलिस यांनी वैद्यक निवडले, तेही विज्ञानाच्या ओढीने नव्हे. डॉक्टर असले की दूरदेशी जाता येते, गरीब वस्तीत जाता येते, कुठेही उपयोगी पडता येते, असा त्यांचा सरळ हिशोब होता. 1893 मध्ये मिशिगन विद्यापीठातून त्या डॉक्टर झाल्या. पुढे एडिथसह जर्मनीत लाइपझिग आणि म्युनिक इथे शिकायला गेल्या. वर्गात बसता येई, पण पुरुष विद्यार्थ्यांच्या नजरेत न येता, या अटीवर!

1897 मध्ये शिकागोच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात विकृतिशास्त्र शिकवायची नोकरी मिळाली आणि त्या ‘हल हाउस’मध्ये राहायला गेल्या. जेन ॲडम्स यांनी स्थलांतरितांच्या गरीब वस्तीत चालवलेले हे घर. सुशिक्षित स्त्रिया तिथे राहत आणि आजूबाजूच्या लोकांसाठी वर्ग, पाळणाघर, दवाखाना चालवत. ॲलिसबाई तिथे लहान मुलांना तपासत. त्यांना शिसे, पारा, कार्बन मोनॉक्साइड भेटले ते या शेजाऱ्यांच्या गप्पांतून. पोलाद कारखान्यातला वायू, मनगट लुळे पडलेला रंगारी अशा गोष्टी कानावर येत, पण अमेरिकी वैद्यकीय पुस्तकांत त्यांचा पत्ता नसे.

याच काळातली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. 1902 मध्ये वस्तीत विषमज्वराची साथ आली. उघड्या संडासांवरच्या माश्यांमुळे ती पसरली, असा निष्कर्ष ॲलिसबाईंनी काढला, तो छापून आला आणि त्यांचे नाव झाले. खरे कारण नंतर बाहेर आले. पिण्याच्या पाण्याच्या नळात सांडपाणी शिरले होते, आणि ती गोष्ट आरोग्य खात्याने दाबून ठेवली होती. माश्यांच्या शोधाचे कौतुक नंतरही कानी येत राहिले आणि त्यांना संकोच वाटत राहिला. पुढे शिशाच्या चौकशीत त्यांनी पुराव्याबाबत जो कडकपणा दाखवला, त्याचे मूळ इथे असावे असा माझा तर्क आहे.

त्या वेळी ब्रिटनमध्ये शिशाच्या विषबाधेची नोंद सरकारला कळवणे 1895 पासून बंधनकारक होते आणि 1898 पासून कारखान्यांसाठी स्वतंत्र वैद्यकीय निरीक्षक होता. जर्मनीतही कायदे होते. अमेरिकेत मात्र आमचे कारखाने चांगले, आमचे कामगार सुदृढ, हा समज पक्का होता, आणि वेगळे बोलणाऱ्या डॉक्टरकडे समाजवादी म्हणून संशयाने पाहिले जाई. 1910 मध्ये ब्रसेल्सला व्यवसायजन्य आजारांवर आंतरराष्ट्रीय परिषद झाली. तिथे परदेशी तज्ज्ञ साधे आकडे विचारत होते आणि ॲलिसबाईंकडे द्यायला उत्तर नव्हते. आकडे गोळाच कोणी केले नव्हते.

ते गोळा करायचे काम त्यांच्याकडेच आले. इलिनॉय राज्याने व्यवसायजन्य आजारांची चौकशी सुरू केली होती. बाई तिच्या प्रमुख झाल्या आणि शिशाचा भाग त्यांनी स्वतः घेतला. शिसे वापरणाऱ्या सत्तरहून अधिक प्रक्रिया आणि विषबाधेचे पाचशेहून अधिक रुग्ण त्यांनी नोंदवले. सफेदा म्हणजे पांढरे शिसे, आणि शेंदूर म्हणजे लाल शिसे, हे दोन्ही तेव्हाच्या रंगांचा जीव. सफेदा वाळवून, दळून पिंपांत भरताना कारखाना अक्षरशः पांढरा होई.

पाचशे हा आकडा आजच्या वाचकाला लहान वाटेल, पण तो कसा काढला ते पाहा. कामगार आपण आजारी आहोत हे सांगत नसत, नोकरी जाण्याची भीती. बरेच जण महिना-दोन महिन्यांत काम सोडून दुसरीकडे जात. कंपनीचे डॉक्टर तोंड उघडत नसत. तरी बाई संशयित रुग्ण मोजत नसत. हिरडीच्या कडेला शिशाची निळसर-काळी रेघ किंवा डॉक्टरने केलेले स्पष्ट निदान, असा ठोस पुरावा असेल तरच नाव यादीत जाई. खरे रुग्ण त्याहून किती तरी जास्त असणार, हे त्यांना ठाऊक होते. पण एका नावावरून जरी मालकाने अहवाल खोटा ठरवला, तरी सगळे मुसळ केरात.

या कामातून 1911 मध्ये इलिनॉयचा कायदा आला. शिसे, आर्सेनिक, पितळ, जस्त यांसारख्या पदार्थांशी थेट संबंध येणाऱ्या कामगारांची मालकाने दर महिन्याला डॉक्टरकडून तपासणी करवून घ्यायची आणि आजार आढळला तर तो सरकारला कळवायचा. दर महिन्याला का? शिसे एका दिवसात माणूस पाडत नाही, ते साठत जाते. शरीर त्याला कॅल्शियमचा भाऊबंद समजते आणि हाडांत ठेवून देते. हाडातले शिसे वर्षानुवर्षे राहते आणि थोडेथोडे रक्तात उतरत असते. रक्तात ते हिमोग्लोबिन तयार होण्यात अडथळा आणते, म्हणून चेहरा फिकट पडतो. मग बद्धकोष्ठ, पोटात पिळवटून टाकणाऱ्या कळा, मनगटाचा लुळेपणा आणि शेवटी मेंदूवर परिणाम. मनगट लुळे पडल्यावर निदान करणे सोपे असते, पण तोवर वेळ गेलेली असते. दर महिन्याला पाहणाऱ्या डॉक्टरला फिकेपणा आणि हिरडीची रेघ आधी दिसते. आज आपण रक्तातल्या शिशाचे प्रमाण मोजतो. तेव्हा डोळे आणि बोटे हीच यंत्रे होती.

1911 पासूनच बाई केंद्र सरकारसाठी देशभर फिरू लागल्या. पगार नव्हता, अहवाल स्वीकारला तर त्याचे पैसे मिळत. कारखान्यात शिरण्याचा कायदेशीर अधिकारही नव्हता. मालकाला विनंती करायची आणि त्याने आत घेतले तर पाहायचे. तरीही दोष आढळले की आधी मालकाला सांगायचे, मग अहवालात लिहायचे, ही शिस्त त्यांनी पाळली. नॅशनल लेड कंपनीचे एक वरिष्ठ अधिकारी, एडवर्ड कॉर्निश, यांचा किस्सा प्रसिद्ध आहे. आपल्या कारखान्यात विषबाधा होते हे ऐकून ते चिडले. मात्र सिद्ध करून दाखवलेत तर सुधारणा करू, असा शब्द त्यांनी दिला. बाई इस्पितळात दाखल झालेल्या बावीस जणांची माहिती घेऊन परतल्या. कॉर्निश यांनी शब्द पाळला, धूळ कमी करण्याच्या सोयी केल्या, डॉक्टर नेमले. सगळे मालक असे नव्हते, हे सांगायला नकोच.

पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याचे कारखाने भराभर उभे राहिले आणि त्यांचे पत्ते गुप्त ठेवले गेले. बाईंनी ते शोधायची युक्ती काढली. नायट्रिक आम्लाच्या धुराचे पिवळसर-नारिंगी ढग दिसतील त्या दिशेने जायचे! पिक्रिक आम्लाने कातडी पिवळी झालेले कामगारही वाट दाखवत. युद्ध संपता संपता, 1918 मध्ये, इंडियानातल्या बेडफर्ड इथल्या दगडाच्या खाणकारागिरांकडे त्या गेल्या. हवेच्या दाबाने चालणाऱ्या हातोड्याच्या कंपनांमुळे, थंडीत त्यांची बोटे पांढरीफटक आणि बधिर पडत. ड्रिल मशीन चालवणाऱ्यांत हा त्रास आजही दिसतो.

1919 मध्ये हार्वर्ड विद्यापीठाने औद्योगिक वैद्यक शिकवायला त्यांना बोलावले, कारण या विषयात त्यांच्या तोडीचा पुरुष अमेरिकेत नव्हता. हार्वर्डच्या अध्यापकवर्गातली ही पहिली स्त्री. नेमणुकीबरोबर तीन पथ्ये आली. अध्यापकांच्या क्लबात यायचे नाही, फुटबॉलची राखीव तिकिटे मागायची नाहीत, पदवीदानाच्या मिरवणुकीत चालायचे नाही. सोळा वर्षांनी, 1935 मध्ये, त्या निवृत्त झाल्या तेव्हाही सहायक प्राध्यापकच होत्या. दरम्यान 1925 मध्ये अमेरिकेतल्या औद्योगिक विषांवरचा त्यांचा ग्रंथ आला.

त्याच वर्षी त्या एक मोठी लढाई हरल्या. इंजिन ठोके देऊ नये म्हणून पेट्रोलमध्ये टेट्राएथिल लेड मिसळायला सुरुवात झाली होती. ऑक्टोबर 1924 मध्ये न्यू जर्सीतल्या एका तेलशुद्धीकरण कारखान्यात हे रसायन हाताळणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मरण पावले. मे 1925 मध्ये सरकारने परिषद बोलावली. ॲलिसबाईंचा मुद्दा असा होता की कारखान्यातली धूळ आवरता येईल, पण शिसे एकदा रस्त्यावर सोडले की कामगार आणि नागरिक असा भेदच उरणार नाही. त्यांचे ऐकले गेले नाही. भारतात शिसेविरहित पेट्रोल सर्वत्र यायला 2000 साल उजाडले. जगात शेवटचा देश, अल्जीरिया, 2021 मध्ये थांबला.

आपल्याकडे 1948 च्या कारखाना कायद्याने हेच धागे उचलले. धोक्याच्या कामांसाठी ठरावीक मुदतीने वैद्यकीय तपासणी, त्यासाठी सर्टिफाइंग सर्जन, आणि सूचित आजारांची यादी, ज्यात शिशाची विषबाधा होतीच. त्या यादीतला आजार कारखान्यातल्या कामगारात दिसला तर उपचार करणाऱ्या कोणत्याही डॉक्टरने मुख्य कारखाना निरीक्षकांना कळवायचे, असेही त्यात होते. भोपाळनंतर, 1987 च्या दुरुस्तीने, धोकादायक प्रक्रियांतल्या कामगारांच्या आरोग्याची नोंद ठेवणे अधिक काटेकोर झाले. पण जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे वितळवणारी छोटी ठिकाणे कारखान्याच्या व्याख्येतच बसत नाहीत. तिथला माणूस सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत पोटदुखी आणि रक्तक्षय घेऊन येतो. लोहाच्या गोळ्या घेऊन परत जातो. काय काम करता, हा प्रश्न विचारायला अर्धे मिनिट लागते. रांग मोठी असली की तेही राहून जाते.

आणखी एक अडचण तपासणीच्या पोटातच आहे. रक्तात शिसे वाढलेला कामगार सापडला की धूळ आवरण्यापेक्षा त्यालाच काढून टाकणे स्वस्त पडते. कंत्राटी कामगार तर हे ओळखून असतो आणि दुखणे लपवतो. ॲलिसबाईंच्या अहवालांत म्हणूनच रुग्णांइतक्याच तपशिलाने झाकणे, पंखे, ओले करून झाडणे, कपडे बदलायच्या आणि हातपाय धुवायच्या खोल्या येतात. रक्ताचा अहवाल वाईट आला तर आधी यंत्र तपासायचे, माणूस मग, असा तो क्रम आहे. आपल्या बहुतेक कारखान्यांत तो उलटा चालतो, असे माझे मत आहे.

निवृत्तीनंतर त्यांनी व्हिस्कोस रेयॉनच्या कारखान्यांची पाहणी केली. तिथे कार्बन डायसल्फाइडने कामगारांना वेड लागत होते, पाय लुळे पडत होते. त्या वेळी त्यांचे वय सत्तरीच्या उंबरठ्यावर होते. 1943 मध्ये त्यांचे आत्मचरित्र आले. स्त्रियांना समान हक्क देणाऱ्या घटनादुरुस्तीला त्यांनी अनेक वर्षे विरोध केला होता, कारण तिने स्त्री कामगारांचे संरक्षक कायदे जातील अशी भीती त्यांना वाटे. 1952 मध्ये, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, त्यांनी ते मत जाहीरपणे बदलले. 22 सप्टेंबर 1970 रोजी कनेटिकटमधल्या हॅडलाइम गावी, एकशे एक वर्षांच्या होऊन त्या वारल्या. कारखान्यात हक्काने शिरण्याचा अधिकार निरीक्षकांना देणारा अमेरिकेचा केंद्रीय कायदा त्याच वर्षी डिसेंबरात मंजूर झाला.