महात्मा बसवेश्वर : विवाह आणि समतेची कसोटी

प्रस्तावना

मराठीत ‘रोटीबेटी व्यवहार’ असा एक जोडशब्द आहे. आपण तो सहज उच्चारतो. परंतु त्याचे दोन्ही भाग सारख्या वजनाचे नाहीत. रोटीचे बंधन काळाबरोबर सैल होत गेले. एस.टी. स्थानकाच्या उपाहारगृहात शेजारच्या बाकावर कोण बसले आहे, याची चौकशी करून आज कोणी जेवत नाही. बेटीव्यवहाराचे मात्र तसे झाले नाही. लातूर किंवा नांदेड जिल्ह्यातील गावात सोयरिकीची बैठक बसली, की मुलाच्या शिक्षणाच्या आणि शेतीच्या आधी जातीची चौकशी होते आणि जात जुळली, की पोटजातीची. आपल्यापैकी अनेक जण अशा बैठकींना पालक म्हणून बसलेले असतील. या घटकात आपण ज्या पुरुषाचे चरित्र अभ्यासणार आहोत, तो बाराव्या शतकातला असला तरी त्याच्या आयुष्यातील निर्णायक प्रश्न आपल्या ओसरीवर अजून तसाच उभा आहे.

महात्मा बसवेश्वरांची कर्मभूमी असलेले कल्याण, म्हणजे आजचे बसवकल्याण, कर्नाटकातील बीदर जिल्ह्यात आहे. ते आपल्याला परके नाही. उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत बीदर जिल्ह्याचेच भाग होते. सीमा बदलली, सोयरिकी, बाजार आणि बोलीतील कानडी शब्द मात्र सीमेच्या दोन्ही बाजूंना राहिले.

चरित्राची साधने

बसवेश्वरांनी आत्मचरित्र लिहिले नाही. त्यांची वचने, पुढील शतकांतील पुराणग्रंथ आणि काही शिलालेख यांच्या आधारे त्यांचे चरित्र उभे करावे लागते. इ.स. १२६० च्या अर्जुनवाड शिलालेखात त्यांचा उल्लेख आहे. पाल्कुरिकी सोमनाथाचे तेलुगू बसवपुराण आणि त्यावरून भीमकवीने १३६९ मध्ये रचलेले कन्नड बसवपुराण हे प्रमुख चरित्रग्रंथ होत. ते भक्तांनी लिहिलेले आहेत, हे वाचताना लक्षात ठेवावे. त्यांतील चमत्कार बाजूला ठेवले, तरी त्यांतून दिसणारा संघर्ष खराच उरतो.

जन्म आणि घडण

बसवेश्वरांचा जन्म आजच्या विजयपूर जिल्ह्यातील बागेवाडी येथे एका शैव ब्राह्मण कुटुंबात झाला. वडिलांचे नाव मादरस आणि आईचे मादलांबिका. जन्मवर्ष काही अभ्यासक ११०५, तर काही ११३१ मानतात. मुंजीच्या वेळी त्यांनी प्रश्न केला, असे परंपरा सांगते. थोरली बहीण नागम्मा हिला जो संस्कार नाकारला जातो, तो मला कशासाठी, असा त्या प्रश्नाचा आशय होता. उत्तर न मिळाल्याने मुलाने घर सोडले आणि कृष्णा व मलप्रभा यांच्या संगमावरील कूडलसंगम येथे अध्ययनासाठी वास्तव्य केले. या आठवणीत समतेचा पहिला प्रश्न बहिणीच्या निमित्ताने विचारला गेला आहे, हे ध्यानात घ्या. पुढे ही बहीण त्यांच्या चळवळीत अखेरपर्यंत सोबत राहिली आणि तिचा मुलगा चन्नबसवण्णा चळवळीचा आधारस्तंभ झाला.

मंगळवेढा ते कल्याण

कलचुरी वंशातील बिज्जल हा चालुक्यांचा मांडलिक होता. आजच्या सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा हे त्याचे ठाणे. बसवेश्वरांचे मामा बलदेव हे त्याच्या दरबारी मंत्री होते. त्यांची कन्या गंगांबिका हिच्याशी बसवेश्वरांचा विवाह झाला. नीलांबिका ही त्यांची दुसरी पत्नी. मंगळवेढ्यात बसवेश्वर हिशेबनीस म्हणून कामाला लागले आणि आपल्या सचोटीने कोषागाराच्या प्रमुखपदापर्यंत पोहोचले. ११६० च्या सुमारास बिज्जलाने चालुक्यांना बाजूला सारून कल्याणची गादी घेतली, तेव्हा बसवेश्वर राज्यातील मोठ्या अधिकारपदावर होते.

कल्याणची आणखी एक ओळख येथे सांगितली पाहिजे. बसवेश्वरांच्या आधी, सहाव्या विक्रमादित्याच्या काळात, याच नगरीत विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. वारसा आणि विवाह यांविषयीचा हा ग्रंथ पुढे इंग्रजी अमदानीतही हिंदू कायद्याचा आधार मानला गेला. स्मृतिकारांच्या परिभाषेत वरच्या वर्णाचा पुरुष आणि खालच्या वर्णाची स्त्री यांचा विवाह ‘अनुलोम’, तर याच्या उलट तो ‘प्रतिलोम’. ‘लोम’ म्हणजे अंगावरील केस. केसांच्या दिशेने हात फिरवला तर तो अनुलोम, उलट फिरवला तर प्रतिलोम. अनुलोमाला स्मृतींनी कमीअधिक मुभा दिली. प्रतिलोमाची निंदा केली आणि त्याची संतती हीन ठरवली. स्त्रीने खाली जाऊ नये, हा नियम एका साध्या शब्दात असा बसवलेला आहे.

अनुभवमंटप

त्याच कल्याणात बसवेश्वरांनी शरणांची सभा उभी केली. परंपरेत ती अनुभवमंटप या नावाने ओळखली जाते. अध्यक्षस्थानी अल्लमप्रभू होते. सोन्नलिगे, म्हणजे आजचे सोलापूर, येथील सिद्धराम तेथे आले. धोबी मडिवाळ माचय्या, नावाडी अंबिगर चौडय्या, चामडे कमावणारे ककय्या तेथे बरोबरीने बोलले. अक्कमहादेवींसह अनेक स्त्रियांनी वचने रचली. हे सारे संस्कृतात नव्हे, तर रोजच्या कन्नडमध्ये घडले. मराठीत ज्ञानेश्वरी अवतरण्याच्या शंभराहून अधिक वर्षे आधीची ही गोष्ट आहे.

बसवेश्वरांनी श्रमाला ‘कायक’ म्हटले आणि कोणतेही कायक हीन मानले नाही. गळ्यात इष्टलिंग धारण केलेल्या व्यक्तीला पुरोहिताची गरज उरत नव्हती. जन्म, मृत्यू आणि मासिक धर्म यांचा विटाळ या पंथाने नाकारला. दीक्षा घेतल्यानंतर पूर्वीची जात संपते, हे त्याचे मूलतत्त्व होते. या सभेमुळे दरबारात कुरबुर झाली, तरी ती चालू राहिली. एकत्र बसणे, एकत्र जेवणे, एकत्र चिंतन करणे एवढ्यापर्यंत राज्यसत्तेने सहन केले.

एक विवाह

त्यानंतर तत्त्वाची परीक्षा घेणारा प्रसंग आला. हरळय्या हे चर्मकार शरण आणि मधुवरस हे ब्राह्मण कुळातून आलेले शरण. दोघांनीही दीक्षा घेतली होती. परंपरेनुसार मधुवरसांची कन्या आणि हरळय्यांचा पुत्र शीलवंत यांचा विवाह ठरला. शरणांच्या दृष्टीने येथे दोन जाती नव्हत्याच. दोन शरण कुटुंबांची ती सोयरीक होती. स्मृतीच्या दृष्टीने मात्र हा घोर प्रतिलोम होता. बसवेश्वरांनी या विवाहाच्या पाठीशी उभे राहून आपले तत्त्व राखले.

पुढे जे घडले त्याचे तपशील ग्रंथागणिक बदलतात. सार एकच आहे. सनातनी मंडळींनी राजाकडे तक्रार केली आणि बिज्जलाने हरळय्या व मधुवरस या दोन्ही पित्यांना क्रूर देहदंड दिला. कल्याणात हिंसाचार उसळला. ११६७-६८ च्या सुमारास बिज्जलाची हत्या झाली. शरण चहूकडे पांगले. चन्नबसवण्णांसह काही जण वचनांच्या पोथ्या घेऊन उळवीकडे गेले. बसवेश्वर कूडलसंगमाला परतले आणि तेथेच त्यांचे जीवन संपले.

ज्या राजाने सभा चालू दिली, त्याने विवाह का सहन केला नाही? सभेतील समता सभा संपल्यावर विसरता येते. विवाहातून मात्र संतती होते, वारसा ठरतो, जमीन आणि मान यांची वाटणी होते. नव्याने गादी बळकावलेल्या राजाला धर्माधिकाऱ्यांच्या मान्यतेची गरज अधिक असते. म्हणूनच विवाह ही खासगी बाब राहत नाही, ती राज्यकारभाराची बाब होते.

या कथेकडे टीकात्मक दृष्टीनेही पाहिले पाहिजे. परंपरेने दोन्ही पित्यांचे हौतात्म्य जपले; वधूचे नावही मात्र एकसारखे जपले नाही. कोठे ती लावण्या आहे, तर गिरीश कार्नाड यांच्या ‘तलेदंड’ या १९९० च्या नाटकात कलावती. तिला विचारले होते काय, तिचे पुढे काय झाले, यावर कथा फारसे बोलत नाही. बहिणीच्या प्रश्नापासून सुरू झालेल्या या चरित्रात ही उणीव बोचते. जातीची समता आणि स्त्रीची समता एकाच विवाहात एकत्र येतात. त्यांतील एक साधली म्हणजे दुसरी आपोआप साधत नाही.

समारोप

कल्याणच्या घटनेनंतर कायद्याला येथवर यायला सुमारे आठ शतके लागली. १८७२ च्या विशेष विवाह कायद्यानुसार लग्न करायचे, तर आपण हिंदू धर्म मानत नाही असे हिंदूंना जाहीर करावे लागे. १९३६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जातिनिर्मूलनाचा खरा उपाय म्हणून आंतरजातीय विवाहाकडे बोट दाखवले. १९४९ च्या कायद्याने भिन्न जातींतील हिंदूंचे विवाह वैध ठरवले. पुढे १९५४ चा विशेष विवाह कायदा आणि १९५५ चा हिंदू विवाह कायदा आला. मिताक्षरेच्या नगरीत शरणांनी जे मागितले, ते कायद्याच्या पुस्तकात आज आहे.

घराघरांत ते किती आहे, हा प्रश्न वेगळा. बसवेश्वरांचा वारसा सांगणाऱ्या समाजातही सोयरीक जुळवताना पोटजात पाहिली जाते, आणि इतर समाज याला अपवाद नाहीत. बसवजयंती वैशाख शुद्ध तृतीयेला येते. त्याच दिवशी अक्षय्य तृतीयाही असते, आणि साडेतीन मुहूर्तांपैकी एक म्हणून आपल्या भागात त्या दिवशी अनेक लग्ने लागतात. सकाळी बसवेश्वरांच्या प्रतिमेला हार घालून दुपारी आपण त्याच गावातील मांडवात अक्षता टाकायला जातो. त्या मांडवातील सोयरीक कशी जुळली, हे त्या दिवशी तरी स्वतःला विचारावे.

विचार करा

१. बिज्जलाच्या राज्यात शरणांची सभा चालू राहिली, परंतु एका विवाहाने संघर्ष पेटला. याची कारणे आपल्या शब्दांत मांडा.

२. आपल्या कुटुंबातील मागील तीन पिढ्यांच्या सोयरिकी कशा जुळल्या, वधूचे मत कधी आणि कोणी विचारले, याची घरातील ज्येष्ठांशी बोलून नोंद करा.