विश्लेषण : पृथ्वी खरे तर किंचित थंड व्हायला हवी होती… हिमयुगाचे गणित मांडणारे मिलानकोविच कोण होते?

हवामान बदलावर चर्चा सुरू झाली की एक मुद्दा हमखास पुढे येतो. हवामान पूर्वीपासूनच बदलत आले आहे, हिमयुगे आली आणि गेली, त्यामुळे आताची तापमानवाढही निसर्गाचाच खेळ असावा, असा हा युक्तिवाद. त्याचा पहिला भाग अगदी बरोबर आहे. पण हिमयुगे का येतात याचे गणित ज्यांनी मांडले, त्यांच्याच गणितानुसार पृथ्वी सध्या फार संथपणे, किंचित थंड होत असायला हवी होती. त्या शास्त्रज्ञाचे नाव मिलुटिन मिलानकोविच. ते होते सिव्हिल इंजिनीअर. त्यांच्या गणिताचा बराचसा भाग नजरकैदेत लिहिला गेला, मुख्य ग्रंथ बॉम्बहल्ल्यातून वाचला आणि सिद्धान्ताला मान्यता मिळाली ती त्यांच्या मृत्यूनंतर.

आरसीसीच्या कामांतून विद्यापीठात…

मिलानकोविच यांचा जन्म २८ मे १८७९ रोजी दाल्य या गावी, एका सधन सर्ब कुटुंबात झाला. हे गाव तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यात होते, आज ते क्रोएशियात आहे. ते आठ वर्षांचे असताना वडील गेले. तीन भाऊ क्षयाने लहान वयातच दगावले. मिलुटिन यांचीही प्रकृती तोळामासा, त्यामुळे सुरुवातीचे शिक्षण घरीच शिक्षक ठेवून झाले.

१८९६ मध्ये ते व्हिएन्नाला गेले. तेथील तांत्रिक विद्यापीठातून सिव्हिल इंजिनीअरिंगची पदवी आणि १९०४ मध्ये डॉक्टरेट त्यांनी मिळवली. त्या काळी सिमेंट काँक्रीटमध्ये सळया घालून बांधकाम करण्याचे, म्हणजे आज आपण ज्याला सरसकट आरसीसी म्हणतो त्याचे, तंत्र नवे होते. व्हिएन्नातील एका बांधकाम कंपनीत त्यांनी धरणे, पूल आणि जलवाहिन्यांची डिझाइन्स केली. सहा पेटंट त्यांच्या नावावर झाली. पैसा आणि नाव दोन्ही मिळत होते.

तरीही १९०९ मध्ये बेलग्रेड विद्यापीठाने उपयोजित गणिताचे अध्यापक म्हणून बोलावले, तेव्हा ते गेले. पगार व्हिएन्नातील कमाईपेक्षा कितीतरी कमी होता. पण आयुष्यभर पुरेल असा एखादा मोठा प्रश्न त्यांना हवा होता आणि तो बांधकामाच्या नकाशांत सापडणार नव्हता.

कोडे नेमके काय होते?

युरोपचा मोठा भाग एके काळी बर्फाच्या जाड थराखाली होता, हे एकोणिसाव्या शतकात भूगर्भशास्त्रज्ञांच्या लक्षात आले होते. हा बर्फ आला का आणि वितळला का, यावर मात्र एकमत नव्हते. फ्रान्सचे जोसेफ अधेमार आणि स्कॉटलंडचे जेम्स क्रोल यांनी पृथ्वीच्या कक्षेतील बदलांकडे बोट दाखवले होते. क्रोल हे तर ग्लासगोतील एका शिक्षणसंस्थेच्या संग्रहालयात रखवालदारी करता करता या विषयाकडे वळले होते. पण त्यांचे अंदाज भूगर्भातील पुराव्यांशी जुळले नाहीत आणि ही कल्पना मागे पडली.

मिलानकोविच यांना त्यात इंजिनीअरचा प्रश्न दिसला. सूर्यापासून किती उष्णता निघते, पृथ्वीच्या कोणत्या अक्षांशावर कोणत्या ऋतूत ती किती पोहोचते आणि हा हिशेब लाखो वर्षांत कसा बदलतो, हे आकड्यांत मांडता आले पाहिजे. हवामानशास्त्र तेव्हा प्रामुख्याने नोंदींचे शास्त्र होते. त्याला खगोलशास्त्राच्या सूत्रांशी जोडण्याचे काम त्यांनी १९१२ च्या सुमारास हाती घेतले. त्याच सुमारास बाल्कन युद्धे झाली आणि त्यांना सैन्यातही जावे लागले.

मधुचंद्राहून थेट तुरुंगात

१४ जून १९१४ रोजी त्यांचा विवाह झाला. पत्नी ख्रिस्तिना यांच्यासह ते जन्मगावी दाल्यला गेले. दोनच आठवड्यांत साराजेवोमध्ये ऑस्ट्रियाच्या युवराजाची हत्या झाली आणि महिनाभरात पहिले महायुद्ध पेटले. मिलानकोविच आता सर्बियाचे नागरिक होते आणि उभे होते शत्रूच्या भूमीवर. त्यांना अटक झाली. आधी ओसियेकच्या किल्ल्यात, मग एका छावणीत त्यांची रवानगी झाली.

सोबतच्या बॅगेत अर्धवट गणिताचे कागद होते. कोठडीचे दार बंद झाल्यावर पहिल्याच रात्री त्यांनी ते बाहेर काढले आणि लिहायला बसले. मध्यरात्र उलटून गेल्यावर आपण कुठे आहोत याचे त्यांना भान आले, असे त्यांनी पुढे आठवणींत नोंदवले आहे.

बाहेर ख्रिस्तिना स्वस्थ बसल्या नव्हत्या. त्यांनी व्हिएन्ना गाठून पतीचे जुने गुरू, गणिताचे प्राध्यापक एमानुएल चूबर यांना साकडे घातले. त्यांच्या शब्दामुळे डिसेंबर १९१४ मध्ये मिलानकोविच यांची छावणीतून सुटका झाली. अट एकच, बुडापेस्ट सोडायचे नाही आणि नियमित पोलिसांपुढे हजेरी लावायची. हंगेरियन विज्ञान अकादमीच्या ग्रंथालयाचे प्रमुख काल्मान सिली यांनी या शत्रुराष्ट्राच्या नागरिकाला ग्रंथालय खुले करून दिले. पुढची चार वर्षे युरोप जळत असताना ते तेथे बसून सूर्यप्रकाशाचा हिशेब करत राहिले. त्यातून १९२० मध्ये पॅरिसहून त्यांचा पहिला मोठा ग्रंथ फ्रेंचमध्ये प्रसिद्ध झाला.

हिवाळा नव्हे, उन्हाळा महत्त्वाचा!

हा ग्रंथ जर्मनीत व्लादिमीर क्योपेन यांनी वाचला. जगाच्या हवामान विभागांचे वर्गीकरण करणारे क्योपेन ते हेच. खंड सरकतात असे सांगणारे आल्फ्रेड वेगेनर हे त्यांचे जावई. या दोघांशी मिलानकोविच यांचा पत्रव्यवहार सुरू झाला आणि त्यातून कोड्याची किल्ली मिळाली.

क्रोल यांनी कडाक्याच्या हिवाळ्याला महत्त्व दिले होते. क्योपेन यांनी उलटा विचार सुचवला. ध्रुवाजवळच्या प्रदेशात हिवाळा नेहमीच थंड असतो, बर्फ पडतोच. प्रश्न आहे तो उन्हाळ्यात वितळतो का, हा. उन्हाळा जरासा थंड राहिला तर थोडा बर्फ उरतो. पुढच्या वर्षी त्यावर आणखी साचतो. ताजा पांढरा बर्फ अंगावर पडणारा ८० टक्क्यांहून अधिक प्रकाश परत पाठवतो, त्यामुळे प्रदेश आणखी थंड होतो. म्हणजे सुरुवात किंचित थंडाव्याने होते आणि पुढचे काम बर्फच करतो.

मिलानकोविच कामाला लागले. उत्तर गोलार्धात जिथे जमीन जास्त आहे त्या ५५, ६० आणि ६५ अंश अक्षांशांवर गेल्या साडेसहा लाख वर्षांत उन्हाळ्यात किती ऊन पडले, याचे आलेख त्यांनी काढले. संगणक नव्हता, सगळे हाताने. हे काम सुमारे १०० दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत चालले होते. १९२४ मध्ये क्योपेन आणि वेगेनर यांच्या ग्रंथात हे आलेख छापले गेले आणि आल्प्समधील हिमयुगांच्या खुणांशी ताडून पाहिले गेले.

तीन चक्रे कोणती?

पहिले चक्र कक्षेच्या आकाराचे. पृथ्वीची कक्षा कधी जवळजवळ गोल, तर कधी थोडी लांबट होते. हा बदल सुमारे एक लाख वर्षांच्या टप्प्याने होतो.

दुसरे अक्षाच्या कलाचे. हा कल सुमारे ४१ हजार वर्षांत २२.१ ते २४.५ अंशांदरम्यान कमी-जास्त होतो. कल कमी झाला की ध्रुवाकडचे उन्हाळे सौम्य होतात. सध्या तो २३.४ अंश आहे आणि कमी होत आहे.

तिसरे अक्षाच्या डुलण्याचे, म्हणजे परांचनाचे. मंदावत चाललेला भोवरा डुलतो तसाच पृथ्वीचा अक्षही डुलतो. त्यामुळे पृथ्वी सूर्याच्या सर्वात जवळ कोणत्या ऋतूत असते, हे १९ ते २३ हजार वर्षांच्या चक्राने बदलते. सध्या ती जानेवारीत जवळ आणि जुलैत दूर असते. सुमारे ११ हजार वर्षांपूर्वी हे उलट होते. त्या काळात उत्तर गोलार्धातील उन्हाळ्याचे ऊन प्रखर होते आणि भारतातील मान्सूनही आजच्यापेक्षा जोरदार होता.

या चक्रांनी पृथ्वीला वर्षभरात मिळणाऱ्या एकूण उन्हात फारसा फरक पडत नाही. ते ऊन कुठे आणि कोणत्या ऋतूत पडते, एवढेच बदलते.

बॉम्बहल्ल्यातून वाचलेला ग्रंथ

आयुष्यभराचे काम एकत्र करणारा सहाशेहून अधिक पानांचा जर्मन ग्रंथ बेलग्रेडमध्ये छापला जात होता. छपाई संपली २ एप्रिल १९४१ रोजी. चारच दिवसांनी, ६ एप्रिलला जर्मन विमानांनी बेलग्रेडवर बॉम्बवर्षाव केला. छापखाना उद्ध्वस्त झाला. सुदैवाने गोदामातील बहुतेक छापील पाने बचावली आणि शेवटची खराब झालेली पाने पुन्हा छापून ग्रंथ पूर्ण करता आला.

मे महिन्यात दोन तरुण जर्मन अधिकारी त्यांच्या दारात आले. ते भूगर्भशास्त्राचे विद्यार्थी होते आणि फ्रायबर्गमधील आपल्या प्राध्यापकांचा निरोप घेऊन आले होते. मिलानकोविच यांनी ग्रंथाची एक प्रत त्यांच्या हाती सोपवली. देशाचे काय होईल हे ठाऊक नव्हते, निदान काम तरी शिल्लक राहावे, हा हेतू. जर्मन ताब्याच्या काळात त्यांनी विद्यापीठात काम केले नाही, घरी बसून आठवणी लिहिल्या.

मृत्यूनंतर १८ वर्षांनी…

युद्धानंतर वारे फिरले. १९५० च्या दशकात रेडिओकार्बन पद्धतीने बर्फाच्या हालचालींचे वय काढता येऊ लागले आणि त्या तारखा आलेखांशी जुळेनात. उन्हातला एवढासा फरक हिमयुग आणूच शकत नाही, असे अनेक हवामानतज्ज्ञ म्हणू लागले. १२ डिसेंबर १९५८ रोजी मिलानकोविच यांचे बेलग्रेडमध्ये निधन झाले, तेव्हा त्यांचा सिद्धान्त बहुतेकांनी बाजूला ठेवला होता.

१९७६ मध्ये चित्र पालटले. जेम्स हेज, जॉन इम्ब्री आणि निकोलस शॅकल्टन यांनी दक्षिण हिंद महासागराच्या तळातील गाळाचे नमुने तपासले. त्यातील सूक्ष्म जीवांच्या कवचांत गेल्या साडेचार लाख वर्षांच्या हवामानाची नोंद होती. त्यात सुमारे २३ हजार, ४१ हजार आणि एक लाख वर्षांची आवर्तने स्पष्ट दिसली. एक लाख वर्षांचे आवर्तन इतके ठळक का, यावर अजूनही संशोधन सुरू आहे. पण हिमयुगांची लय कक्षेतून येते, हे तेव्हापासून सर्वसाधारणपणे मान्य आहे.

मग सध्या काय सुरू आहे?

शेवटचे हिमयुग सुमारे ११,७०० वर्षांपूर्वी संपले. त्यानंतर उत्तरेकडील उन्हाळ्याचे ऊन हळूहळू सौम्य होत गेले. याचा परिणाम म्हणून आर्क्टिकमधील उन्हाळे गेली सुमारे दोन हजार वर्षे दर हजार वर्षांना साधारण ०.२ अंशांनी थंड होत होते. विसाव्या शतकात ही घसरण उलटली. १८५० ते १९०० या काळाच्या तुलनेत २०११ ते २०२० या दशकात जगाचे सरासरी तापमान सुमारे १.१ अंशांनी वाढलेले होते.

थंडावा देणारे इतर घटकही आहेत. १९९१ मध्ये फिलिपिन्समधील पिनाटुबो ज्वालामुखीच्या गंधकयुक्त कणांनी पुढच्या वर्षी जगाचे तापमान सुमारे अर्ध्या अंशाने खाली आणले, पण ते कण दोन-तीन वर्षांत खाली बसले. जंगल तोडून शेती केल्यावर जमीन फिकट होते आणि थोडा जास्त प्रकाश परतवते. अर्थात, तोडलेल्या जंगलातला कार्बन हवेत जातो तो वेगळाच.

मानवनिर्मित थंडाव्यातला सर्वात मोठा वाटा कोळसा आणि जड इंधनाच्या धुरातील सल्फेट कणांचा आहे. हे कण सूर्यप्रकाश परतवतात आणि ढगही अधिक पांढरे करतात. आयपीसीसीच्या २०२१ च्या अहवालानुसार हरितगृह वायूंनी पृथ्वी १ ते २ अंशांनी तापवली, तर मुख्यतः अशा कणांनी शून्य ते ०.८ अंशांपर्यंत थंडावा दिला. सूर्य आणि ज्वालामुखी यांचा वाटा जेमतेम ०.१ अंश कमी किंवा जास्त. म्हणजे तापमानवाढीचा काही भाग धुराने झाकलेला आहे. हाच धूर फुप्फुसांसाठी घातक असल्याने तो कमी करावाच लागतो आणि तो कमी झाला की झाकलेली उष्णता उघडी पडते. कण काही दिवसांत पावसाबरोबर खाली येतात, कार्बन डायऑक्साइड मात्र शतकानुशतके हवेत राहतो.

निसर्ग आपल्याला वाचवेल का?

पुढचे हिमयुग येऊन हिशेब बरोबर करेल, ही आशा मिलानकोविच यांच्याच गणिताने फोल ठरते. पृथ्वीची कक्षा सध्या बरीच गोल आहे, त्यामुळे डुलण्याचा परिणामही सौम्य आहे. त्यात हवेतील कार्बन डायऑक्साइड उद्योगपूर्व काळातील दहा लाखांत २८० भागांवरून ४२० च्या पुढे गेला आहे. या स्थितीत पुढची किमान ५० हजार वर्षे हिमयुगाची शक्यता नाही, असे काही अभ्यास सांगतात.

मिलानकोविच यांना जागतिक तापमानवाढीचा अभ्यास करायचा नव्हता, त्यांना बर्फाचे कोडे सोडवायचे होते. पण निसर्गाचा वाटा किती, हे मोजण्याची पट्टी त्यांनी तयार करून ठेवली. ती लावून पाहिली की कक्षेचा थंडावा शतकाला अंशाच्या शंभराव्या भागांत मोजावा लागतो आणि आपण आणलेली उष्णता पूर्ण अंशांत.