अंगणाची शाळा करणाऱ्या ताराबाई मोडक

अंगणवाडी हा शब्द आपल्या वस्तीत रोज कानावर पडतो. लेकराला सोडायला जाताना, खाऊ आणताना आपण तो सहज बोलून जातो. पण या शब्दाचं मूळ आपल्याच पालघर जिल्ह्यात, डहाणू तालुक्यातील बोर्डी गावी आहे, हे थोड्यांनाच ठाऊक असेल. विहाराच्या वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेत म्हणून आम्ही ताराबाई मोडक यांच्या जीवनकार्याचा अल्प परिचय करून देत आहोत.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत, प्रार्थना समाजाचे विचार मानणाऱ्या केळकर कुटुंबात झाला. १९१४ साली त्या बी. ए. झाल्या. मुलींनी शाळेची पायरी चढणंही अवघड होतं, असा तो काळ. पुढे लग्न झालं, पण संसार टिकला नाही. १९२१ साली घटस्फोट झाला. पदरात लहान मुलगी आणि लोकांची बोलणी. तरीही बाई खचल्या नाहीत. राजकोटला त्यांनी स्त्री-शिक्षिका तयार करणाऱ्या संस्थेचं काम पाहिलं आणि १९२३ मध्ये त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याकडे गेल्या.

गिजुभाई मूळचे वकील. त्यांच्या बालमंदिरात छडी नव्हती, शिक्षा नव्हती. मुलं गात, खेळत, गोष्टी ऐकत, आपल्या हातांनी कामं करत शिकायची. ताराबाईंनी हे जवळून पाहिलं आणि त्यांना आयुष्याचं काम सापडलं. घाबरलेलं मूल पाटी समोर धरून बसतं, पण त्याचं मन बंद असतं. आधी त्याची भीती जायला हवी, अक्षर मागाहून येतं, या विचारावर त्यांचं सारं काम उभं राहिलं. १९३६ साली त्यांनी मुंबईत दादरला शिशुविहार सुरू केला.

शहरातल्या सुस्थितीतल्या मुलांसाठी हे झालं, पण खेड्यातल्या गरिबाच्या मुलाचं काय? हा प्रश्न बाईंना स्वस्थ बसू देईना. वयाची पन्नाशी उलटलेली असताना त्या बोर्डीला आल्या. २४ डिसेंबर १९४५ रोजी तिथं ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झालं. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या.

बालवाडी निघाली खरी, पण दलित वस्तीतली मुलं तिकडं फिरकेनात. पिढ्यान् पिढ्या ज्यांना दाराबाहेर उभं केलं, त्यांची लेकरं एका हाकेसरशी कशी यावीत? साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेबांना वेगळ्या गोणपाटावर बसावं लागलं आणि पाण्यासाठी दुसऱ्याची वाट पाहावी लागली, हे आपण विसरलेलो नाही. ताराबाईंनी त्या मुलांना दोष दिला नाही. मूल शाळेत येत नसेल तर शाळेनं मुलाकडं जावं, असं ठरवून त्यांनी वस्तीतल्या अंगणातच शाळा भरवली. हीच अंगणवाडी. तिथं आधी हातपाय धुणं, केस विंचरणं, नखं कापणं, मग गाणी आणि खेळ. माँटेसरीची महागडी साधनं परवडणारी नव्हती, म्हणून शंख-शिंपले, खडे, पानं, बिया यांवर मुलं मोजायला शिकली. घरच्या ओळखीच्या वस्तू हाताशी आल्या तसं मूल मोकळं झालं. याच १९४५ साली बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, हेही इथं आठवतं.

१९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. वारली मुलं गुरं राखायला जात, तर शिक्षक कुरणात जाऊन शिकवू लागले. ती कुरणशाळा. मोठ्या बहिणीला धाकटं भावंड सांभाळावं लागे, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली. कडेवरचं बाळ पाळण्यात आणि ताई वर्गात. या कार्याबद्दल १९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण मिळालं. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचं निधन झालं. त्यानंतर दोन वर्षांनी, १९७५ साली, केंद्र सरकारच्या बालविकास योजनेतून अंगणवाडी हे नाव देशभर पोचलं.

आता थोडं आपल्याकडं पाहू या. बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत आपल्यातले कितीतरी आईबाप पाळीवर जातात. दमून घरी आलो की मुलाला पहिला प्रश्न मार्कांचा. शेजारच्या मुलाचं नाव घेऊन आपण त्याला टोचतो, बाईंना नाव सांगेन म्हणून धाक घालतो. आम्हीही हे केलं आहे. पोटात गोळा घेऊन शाळेत गेलेलं लेकरू काय शिकणार? आज कुणाशी खेळलास, कशाचं वाईट वाटलं, एवढं रोज जवळ घेऊन विचारलं तरी पुष्कळ. विहारात रविवारी मुलं जमतात, तिथंही मागं गप्प बसणाऱ्या मुलाजवळ आधी जावं.

आपल्या मुलांना पुष्कळ शिकवायचं आहे, यात शंका नाही. त्यासाठी ताराबाईंसारखं एक पाऊल मुलाकडं आपणच टाकू या. त्यांच्या स्मृतीस आमचं विनम्र अभिवादन.

जयभीम!